कार्यस्थळ-सुरक्षा (जव्हार व मोखाडा)

कार्यस्थळ-सुरक्षा : कामाच्या ओघात श्रमिकास होणारी इजा टाळण्यासाठी, अथवा ती झाल्यास तिचे परिणाम मर्यादित राखण्यासाठी योजिलेल्या उपायांचा समुच्चय. या उपायांचा विचार बहुधा कारखान्याच्या संदर्भात होतो. परंतु पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत मोठे कारखाने जवळजवळ नसल्यामुळे, वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी इत्यादी जमातींतील मजुराचे कार्यस्थळ म्हणजे गावी रोजगार हमीची विहीर वा बंधारा, आणि भातकापणी उरकल्यावर वसई-भिवंडीकडील वीटभट्टी होय.

विहिरीच्या खणतीत वरचा थर मुरमाचा आणि खाली काळा कातळ. मुरूम कोरडा असेतो बाजू ओळंब्यात उभ्या राहतात व त्यामुळे मजबूत भासतात. पाणी मुरले, किंवा उपसलेला राडारोडा काठालगतच टाकल्यामुळे कडेवर भार आला, की तीच बाजू आत कोसळते. काठ उतरता अथवा पायऱ्यापायऱ्यांनी कापणे आणि ढीग काही हात दूर रचणे, हे उपाय एकदा केले की कोणाच्या दक्षतेवर विसंबत नाहीत. याउलट न उडालेल्या सुरुंगाची खातरजमा होईतो खाली न उतरणे, किंवा यारीचा दोर झिजला असता काम बंद ठेवणे, यांस ‘थांबा’ म्हणू शकणारा माणूस लागतो. आणि अपघातांची चिकित्सा करताना उपाय कागदावर होता की नाही यापेक्षा हा माणूस तेथे होता काय, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. भोपाळ येथे १९८४ साली विषारी वायूची गळती झाली तेव्हा कारखान्यातील शीतकयंत्र बंद होते आणि ज्वालास्तंभ दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. उपायांचा तेथे अभाव नव्हता, ते निरुपयोगी असताना संयंत्र वापरात ठेवण्यास कोणाची हरकत नव्हती.

वीटभट्टीवर ‘थांबा’ कोण म्हणणार, हा प्रश्न अधिक बिकट होतो. राखेखालच्या निखाऱ्यावर अनवाणी पाय पडणे वा मातीच्या खाणीची कड ढासळणे हे तेथील परिचित धोके. परंतु मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन सहकुटुंब आलेला मजूर, उचल फिटेपर्यंत, काम नाकारण्याच्या स्थितीत नसतो. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील लग्नगडी (लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी राबण्याच्या) पद्धतीवर १९४५ च्या वारली उठावाने घाव घातला आणि १९७६ च्या अधिनियमाने वेठबिगारीच रद्दबातल केली, तरी कर्जाने श्रमिकाची जीभ बांधली जाते हे सूत्र उचलीत टिकून आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पायात बूट दिल्याने ते सुटत नाही.

रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय अधिनियमाने कामावर पिण्याचे पाणी, सावली व प्रथमोपचार-पेटी आवश्यक ठरविली, जखमीस मोफत उपचार आणि रुग्णालयात असताना निदान अर्धी मजुरी देऊ केली. मृत्यू वा कायम अपंगत्वासाठी मात्र मूळ तरतूद २५,००० रुपयांची, म्हणजे अगदीच तुटपुंजी होती. भट्टीवरील अपघातास २०२५ पर्यंत १९२३ चा नुकसानभरपाई अधिनियम लागू पडत असे. त्याच्या १९९५ च्या दुरुस्तीनंतर मृताच्या वारसास आपण राहतो त्या क्षेत्राच्या आयुक्तांकडेही अर्ज करता येऊ लागला, त्यामुळे वसईतील दाव्यासाठी वसईस खेटे घालणे अनिवार्य राहिले नाही. तथापि अर्जदारास नोकरीचा पुरावा द्यावा लागतो, आणि उचलीची नोंद बहुधा मुकादमाच्या वहीत असते, जीत भट्टीमालकाचे नाव क्वचितच आढळते.