चर्चिल यांचा अरण्यवास

बी.बी.सी. व एच.बी.ओ. या संस्थांनी २००२ साली 'द गॅदरिंग स्टॉर्म' हा चरित्रपट दूरचित्रवाणीसाठी काढला. त्यातील विन्स्टन चर्चिल यांची भूमिका अल्बर्ट फिनी यांनी केली आहे. ती इतकी उत्तम वठली आहे की, पडद्यावरचा तो चिडखोर, पैशाच्या विवंचनेत असलेला आणि तरीही लोभस वाटणारा वृद्ध म्हणजेच खरे चर्चिल, अशी पाहणाराची खात्री होते. श्रोतेहो, इतिहास शिकविणाराने सावध व्हावयाचे ते येथेच. नट जितका समर्थ, तितक्या त्याने न सांगितलेल्या गोष्टी लवकर विसरल्या जातात.

कथानक युद्धापूर्वीच्या पाचसहा वर्षांचे आहे. चर्चिल यांच्या हाती त्या वेळी कोणतेही अधिकारपद नव्हते. चार्टवेलच्या घरी ते चित्रे काढीत, भिंतीच्या विटा रचीत, आपले पूर्वज मार्लबरो यांचे चरित्र लिहीत, आणि पार्लमेंटात जाऊन हिटलरच्या विमानदळाविषयी इशारे देत. परराष्ट्रखात्यातील रॅल्फ विग्रम हे अधिकारी आपली नोकरी पणाला लावून त्यांना जर्मनीच्या शस्त्रसज्जतेची गुप्त माहिती पुरवितात. सरकारी गुपित फोडणे हा अपराध की कर्तव्य, या पेचात सापडलेल्या विग्रम यांचे चित्रण मला नायकाच्या चित्रणाहूनही अधिक भावले. १९३६ च्या अखेरच्या दिवशी, वयाच्या अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी, ते वारले. ज्या युद्धाची चाहूल त्यांना लागली होती, ते पाहावयास ते उरले नाहीत.

या कालखंडाला इंग्रज चरित्रकार चर्चिल यांचा 'अरण्यवास' म्हणतात. अरण्यात एकटाच घोष करणारा संदेष्टा ही बायबलातील प्रतिमा त्या शब्दामागे उभी आहे, आणि चित्रपटाची घडणही तशीच आहे. त्याचे नावसुद्धा चर्चिल यांनीच लिहिलेल्या युद्धेतिहासाच्या, १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडाचे आहे. नायकाने स्वतःविषयी सांगितलेली हकीकत पडद्यावर आली, ती अशी.

परंतु हा अरण्यवास त्यांच्या वाट्याला आला कशामुळे? जर्मनीविषयी सत्य सांगितल्यामुळे खचित नव्हे. जानेवारी १९३१ मध्ये ते हुजूरपक्षाच्या नेतेमंडळातून बाहेर पडले, तेव्हा हिटलर सत्तेवर यावयास दोन वर्षांचा अवकाश होता. बाहेर पडण्याचे कारण होते हिंदुस्थान. व्हाइसरॉय आयर्विन यांनी गांधीजींना बंधमुक्त करावे आणि बाल्डविन यांनी त्या धोरणाला पाठिंबा द्यावा, हे त्यांना साहवले नाही. गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हणून हिणविणारे त्यांचे कुप्रसिद्ध भाषण पुढच्याच महिन्यातले.

तेथून चार वर्षे त्यांनी हिंदुस्थानच्या राज्यसुधारणांविरुद्ध रान उठविले. मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाच्या साक्षीत हिंदुस्थानमंत्री सॅम्युएल होअर यांनी ढवळाढवळ केली, असा आरोप त्यांनी १९३४ साली केला. सभागृहाच्या हक्कसमितीने होअर यांना निर्दोष ठरविले. त्यावरील चर्चेत, गोरखपुरास जन्मलेले लिओ अमेरी यांनी एक लॅटिन वचन चर्चिल यांच्या माथी मारले. त्याचे भाषांतर करा, असे चर्चिल यांनी जागेवरून ओरडून सांगितले, आणि तेथेच ते फसले. होअरना लोळविले की सरकार गडगडलेच, असा त्याचा अर्थ अमेरींनी लावून दाखविताच सारे सभागृह हसू लागले. (हेच अमेरी पुढे हिंदुस्थानमंत्री झाले, आणि १९४३ साली उपाशी बंगालसाठी धान्याची जहाजे मागत चर्चिल यांच्याच दाराशी उभे राहिले. मागितले त्याहून फार थोडे मिळाले. पण ती कथा निराळी.)

जर्मन विमानांचे आकडे घेऊन चर्चिल उभे राहत, तेव्हा समोर बसलेले सभासद बरेचसे हेच होते. मागील महायुद्धाची भीती लोकांच्या मनातून गेली नव्हती, हेही खरेच. पण हिंदुस्थान गेला, साम्राज्य बुडाले, असा टाहो चार वर्षे ऐकलेल्या कानांना नवा टाहो वेगळा ओळखू यावा कसा? लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. चित्रपटात हिंदुस्थानच्या विधेयकाला त्यांचा विरोध आरंभी येतो. पण तो एका हट्टी वृद्धाची लहर म्हणून येतो आणि मागे पडतो. त्या विरोधानेच पुढचा इशारा दुबळा केला, हा कार्यकारणाचा धागा तुटून जातो.

अखेर १९३५ साली विधेयक संमत झाले. त्याच उन्हाळ्यात घनश्यामदास बिर्ला चार्टवेलला भोजनास गेले. गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाविषयी चर्चिल तेथे आदराने बोलले, आणि मिळालेले अधिकार वापरून सुधारणा यशस्वी करा, असा निरोपही त्यांनी धाडला. एवढा प्रसंग जरी पडद्यावर आला असता तरी ही व्यक्तिरेखा अधिक खरी झाली असती.

चित्रपट ३ सप्टेंबर १९३९ पाशी संपतो. युद्ध जाहीर झाले आहे, चर्चिल नौदलमंत्री म्हणून परत आले आहेत, प्रेक्षकांचा ऊर भरून यावा असाच तो क्षण आहे. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात सामील असल्याचे घोषित केले. १९३५ च्या त्याच कायद्यान्वये मुंबईत बाळासाहेब खेर यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर होते. त्यांना किंवा इतर कोणत्याही प्रांताच्या मंत्र्यांना कोणी विचारले नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. खेर मंत्रिमंडळही त्यांत होते.