तळटीप : डेलचा ‘नसलेला’ साठा

१. डेलकडे सुट्या भागांचा साठा जवळपास नव्हताच, हे लेखकाचे विधान ताळेबंदापुरते खरे आहे. २००० सालाच्या आसपास कंपनीच्या हिशेबात जेमतेम पाच-सहा दिवसांचा साठा दिसे. पण टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या कारखान्यांपासून थोड्याच अंतरावर गोदामे होती आणि तिथे हार्ड डिस्क, मेमरी, मदरबोर्ड यांची खोकी रचलेली असत. गोदाम चालवणारी कंपनी त्रयस्थ, खर्च पुरवठादारांचा आणि मालही त्यांच्याच नावावर. हाती आलेल्या ऑर्डरी पाहून कारखाना दर दोन तासांनी मागणी कळवी, ट्रक भरून निघे आणि माल कारखान्यात उतरला की मगच तो डेलचा होई. संगणकाच्या भागांचे भाव तेव्हा आठवड्यागणिक उतरत. माल डेलचा होईपर्यंतची ही घसरण पुरवठादाराच्या माथी बसे. शिवाय ग्राहकाचे पैसे आधी जमा होत आणि पुरवठादाराचे बिल महिना उलटून गेल्यावर चुकते होई.

डेलचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. ग्राहकाशी थेट व्यवहार असल्याने मागणीचा अंदाज तिला लवकर येई, तो ती पुरवठादारांनाही कळवी, आणि त्यातून काही साठा खरोखरच टळे. मात्र ताइची ओनो यांनी टोयोटात रुजवलेल्या पद्धतीचा रोख साठाच उरू नये यावर होता; डेलच्या बाबतीत त्यातला बराचसा शेजारच्या वहीत गेला. पुढील प्रकरणातले साठ्याचे आकडे वाचताना मालकी कोणाची, हे वाचकांनी आधी पाहावे. — संपादक