पगारपत्रकावरील दोनशे रुपये आणि कामाचा हक्क

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकावर ‘व्यवसाय कर’ अशी एक लहानशी ओळ असते. अकरा महिने २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर मुळात कशासाठी बसवला गेला, हे तो भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्याची मुळे १९७२ च्या दुष्काळात, खडी फोडणाऱ्या हातांपर्यंत पोहोचतात. शासनाने दिलेले रोजगाराचे वचन आणि ते पाळायला लागणारा पैसा यांच्यातील ओढाताणीचा हा इतिहास.

दुष्काळी कामे आपल्याकडे नवी नव्हेत. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजी राजवटीने त्यांचे नियम बांधून दिले होते. पण त्या व्यवस्थेचा पाया ‘मदत’ हा होता. सरकारने टंचाई मान्य केली तर काम निघे, न केली तर नाही. उपाशी माणसाच्या हाती मागण्याजोगे काही नव्हते.

हा पाया बदलण्याची कल्पना मांडली विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी. गांधीविचाराच्या या सांगलीकराने १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात एक प्रयोग करून पाहिला. जो काम मागेल त्याला गावाच्या आसपास काम द्यायचे आणि त्या कामातून जमीन व पाणी यांची मत्ता उभी राहावी, अशी ती मांडणी होती. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती उचलून धरली.

मग १९७२ उजाडले. पावसाने सलग दगा दिला. मे १९७३ पर्यंत राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. मिलो आणि सुकडी हे शब्द त्या पिढीच्या तोंडी आजही आहेत. इतक्या प्रचंड संख्येला काम पुरवण्याची यंत्रणा उभी राहू शकते, हे त्या एका वर्षाने सिद्ध केले. पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. दुष्काळ नसतानाही काम द्यायचे, तर पैसा कोणाच्या खिशातून आणायचा?

उत्तर १९७५ मध्ये आले. पगारदार, व्यापारी आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसला. विक्रीकर व मोटार वाहन करावर अधिभार आला, बागायती जमिनीवरही भार पडला. या करांतून येईल तेवढीच रक्कम शासनाने स्वतःची घालायची आणि त्यातून रोजगार हमी निधी उभा करायचा, असे ठरले. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानुसार तेव्हा व्यवसाय कराची कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि तिथेच थांबली.

या कराचा मोठा वाटा मुंबईतून येणार हे उघड होते. तरीही शहरातून फारसा विरोध झाला नाही. खेड्यात काम मिळाले तर मुंबईकडे येणारे लोंढे थोपतील, हा हिशेब त्यामागे होता. बागायतदारांनाही रस्ते आणि पाझर तलाव हवेच होते. परोपकाराइतकाच स्वार्थही या योजनेच्या पायात गाडलेला आहे, आणि कदाचित त्यामुळेच ती टिकली.

१९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा लागे. भत्ता किती? दिवसाला किमान १ रुपया. रक्कम हास्यास्पद वाटते. परंतु शासनाने आपल्या चुकीची किंमत कायद्यात लिहून ठेवली, हे तेव्हा देशात नवे होते.

खर्चाचा एक दंडक या योजनेने घालून दिला, तो म्हणजे ६०:४०. एखाद्या कामावर १ लाख रुपये खर्च होणार असतील, तर त्यातले किमान ६० हजार अकुशल मजुरीत गेले पाहिजेत. साहित्य आणि कुशल कारागीर मिळून ४० हजारांच्या वर नाही. नियम असा नसता, तर पैसा सिमेंट, यंत्रे आणि ठेकेदार यांच्याकडे वाहून गेला असता. तोटाही होता. मातीकामाला प्राधान्य मिळाले आणि कित्येक कच्चे रस्ते पुढच्याच पावसाळ्यात वाहून गेले.

हमीची खरी कसोटी १९८८ मध्ये लागली. किमान वेतन वाढले आणि रोहयोची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. मजुरी वाढली म्हणजे मागणी वाढायला हवी. प्रत्यक्षात कामावरील उपस्थिती झपाट्याने घटली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. मजुरी वाढल्यावर मागेल त्याला काम देणे मागे पडले आणि रोजगाराचे रेशनिंग सुरू झाले, असा त्यांचा निष्कर्ष होता. नवी कामे निघेनात, निघाली तर दूर निघत. कायद्यातील हमीला कोणीही हात लावला नव्हता. पुढे तर वेगळेच घडले: रोहयोच्या नावाने जमा होणारा कर योजनेवरील खर्चाहून अधिक होऊ लागला आणि शिल्लक राज्याच्या इतर गरजांत विरून गेली.

२००५ मध्ये संसदेने ही कल्पना देशपातळीवर नेली. २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत सुरुवात झाली, एप्रिल २००८ पर्यंत सारा ग्रामीण भारत त्यात आला. प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी होती. ६०:४० चा दंडक महाराष्ट्रातूनच गेला. खर्चाची विभागणी मात्र चतुर होती. अकुशल मजुरीचा सगळा भार आणि साहित्याचा तीन चतुर्थांश भाग केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने उचलायचा. काम देता आले नाही तर बेकारी भत्ता राज्याने स्वतःच्या तिजोरीतून द्यायचा. म्हणजे काम देणे राज्याला स्वस्त आणि न देणे महाग.

पागे यांच्या योजनेतली एक गोष्ट मात्र दिल्लीला पोहोचली नाही, ती म्हणजे स्वतंत्र कर. हक्क कायम, पण पैसा दरवर्षीच्या अर्थसंकल्पातील तरतुदीवर अवलंबून. तरतूद वर्ष संपण्याआधीच संपली की मजुरी थकायची, थकबाकी पुढच्या वर्षाच्या रकमेतून फेडली जायची आणि नवे वर्ष आधीच अपुऱ्या पैशाने सुरू व्हायचे.

२०२०-२१ साठी ६१,५०० कोटी रुपये ठेवले होते. टाळेबंदीत शहरांतून लाखो मजूर पायी गावी परतले, मे महिन्यात आणखी ४०,००० कोटी जाहीर करावे लागले आणि वर्षअखेरीस खर्च १ लाख ११ हजार कोटींच्या पुढे गेला. त्या वर्षी ७ कोटींहून अधिक कुटुंबांनी या योजनेत काम केले. पुढील वर्षाची सुरुवातीची तरतूद होती ७३,००० कोटी.