पैसे असतानाच बंद झालेली कोल्हापूरची बँक

आजचा एपिसोड बँकांच्या नियमांवर आहे. थांबा, स्किप करू नका, गोष्ट आपल्या कोल्हापूरची आहे.

24 डिसेंबर 2020. रिझर्व्ह बँकेनं कोल्हापूरच्या सुभद्रा लोकल एरिया बँकेचं लायसन्स रद्द केलं. बुडाली होती का? नाही. सगळ्या ठेवीदारांचे पैसे परत देण्याइतकी रोकड बँकेकडं आहे, असं रिझर्व्ह बँकच सांगत होती. मग कुलूप का? बँकेची नेटवर्थ किमान मर्यादेखाली गेली होती, आणि कारभार ठेवीदारांच्या हिताचा नाही असा ठपका होता.

विचित्र वाटतं ना? मग जरा मागं जाऊ.

1960 साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. लोकांचे पैसे अडकले, तेव्हा कुठं सरकारला जाग आली. 1 जानेवारी 1962 पासून ठेवींना विमा मिळाला. किती? माणशी 1,500 रुपये! त्यातही सहकारी बँका नव्हत्याच. आणि आपल्याकडं तर पेठेपेठेत सहकार.

1 मार्च 1966 ला सहकारी बँकांना बँकिंग कायदा लागू झाला, पण अर्धामुर्धा. ठेवी-कर्जाचे व्यवहार रिझर्व्ह बँक बघणार, संचालकांच्या निवडणुका आणि बरखास्ती राज्याचं सहकार खातं. म्हणजे एका गाडीला दोन ड्रायव्हर. गाडी खड्ड्यात गेली की दोघं एकमेकांकडं बोट दाखवायला मोकळे. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती पन्नास वर्षांहून जास्त चालली.

मग सप्टेंबर 2019 मध्ये मुंबईची पीएमसी बँक. सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढायची परवानगी! बँकेच्या दारात रडणारी माणसं टीव्हीवर तुम्हीही बघितली असतील. त्यानंतर हालचाल झाली. 1993 पासून 1 लाखावर अडकलेला विमा फेब्रुवारी 2020 मध्ये 5 लाख झाला. त्याच वर्षी कायदा बदलून सहकारी बँकांच्या संचालक मंडळांवर रिझर्व्ह बँकेचा हात पोचला. 2021 च्या दुरुस्तीनं, निर्बंध लागले की 90 दिवसांत विम्याचे पैसे द्यायचं ठरलं.

सुभद्रा सहकारी नव्हती, खासगी होती. पण तिथं क्रम उलटा झाला बघा: दारात रांग लागायच्या आधीच कुलूप.

आणि हो, हा विमा बँकेतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. आजीची एफडी नक्की कशात आहे, आज घरी गेलात की पावती काढून बघा.