नवोदित सॉफ्टवेअर अभियंता : प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा (ग्वाल्हेरच्या संदर्भात)

आजार बळावण्याआधीच तपासणी, जोखीम-मापन आणि पाठपुरावा करणाऱ्या कंपनीत पदवीनंतर लगेच रुजू होणारा संगणक अभियंता. नेमणूकपत्रावर पद ‘ट्रेनी’ किंवा ‘असोसिएट’ असते. बोलण्यात सगळे ‘फ्रेशर’च.

रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरपेक्षा हे काम वेगळे आहे. रुग्णालयात माणूस दुखणे घेऊन येतो, त्यामुळे आकडा विचित्र निघाला तर समोरच्या डॉक्टरला निदान शंका तरी येते. इथला माणूस धडधाकट असतो आणि अहवाल थेट त्याच्या मोबाइलवर जातो. मूळ अहवालावर पॅथॉलॉजिस्टची सही असते खरी. पण वरचा रंगीत सारांश, जोखमीचे गुण, ‘सहा महिन्यांनी पुन्हा तपासा’ ही सूचना हे सगळे बहुधा आज्ञावलीच ठरवते. नवख्याच्या हातच्या दोन ओळींना त्यामुळे वजन येते.

ग्वाल्हेर हे अशा कंपन्यांचे नव्हे, तर त्यांना माणसे पुरवणारे गाव. माधव तंत्रशास्त्र व विज्ञान संस्था (एमआयटीएस) १९५७ मध्ये शिंदे घराण्याच्या पुढाकाराने उभी राहिली. अटल बिहारी वाजपेयी भारतीय माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था १९९७ मध्ये केंद्र सरकारने काढली. दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती वाढलेल्या लष्कर भागात मराठी घरे आजही आहेत. तिथल्या मुलांना नोकरीसाठी पुणे परके वाटत नाही. झेलम आणि गोवा एक्स्प्रेस या दोन्ही गाड्या ग्वाल्हेरहून थेट पुण्याला येतात. प्रतिबंधात्मक तपासण्यांवरच उभी असलेली इंडस हेल्थ प्लस पुण्याची; ‘आरोग्यम’ तपासणी-संच विकणारी, १९९६ मध्ये सुरू झालेली थायरोकेअर नवी मुंबईची.

पहिल्या महिन्यांत नवे काही बांधायला मिळत नाही. टिकेट येते, दोष शोधायचा, दुरुस्ती कोड रिव्ह्यूला टाकायची. दोष मात्र शिकवणारे असतात. अहवालात लिंगाचा रकाना रिकामा राहिला आणि कोडने गुपचूप पुरुषांची मर्यादा लावली, तर १२.४ हिमोग्लोबिन असलेल्या निरोगी बाईला रक्तक्षय असल्याचा लाल शेरा जातो. कारण जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पुरुषांना १३, गरोदर नसलेल्या स्त्रियांना १२. यंत्राने ‘<०.०१’ असे उत्तर दिले की आकडा अपेक्षिणारा कार्यक्रम कोसळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे शून्य धरून पुढे जातो. उपाशीपोटी साखर लिटरमागे ५.८ मिलिमोल म्हणजे डेसिलिटरमागे सुमारे १०४ मिलिग्रॅम; एकक न वाचता ५.८ मिलिग्रॅमच्या रकान्यात पडले, तर ठणठणीत माणूस मरणासन्न ठरतो.

आणि १०४ सुद्धा सरळ नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या हिशेबाने पूर्वमधुमेह १०० पासून सुरू होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ११० पासून. कोणती रेघ धरायची हे अभियंत्याने ठरवायचे नसते, कंपनीच्या वैद्यकीय प्रमुखाला विचारायचे असते. चांगला फ्रेशर इथेच ओळखू येतो. प्रश्न किरकोळ नव्हे : आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या २०२३ मधील अहवालानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी पूर्वमधुमेही आहेत.

दुसरे दुखणे ओळख पटवण्याचे. एका मोबाइलवर सगळे घर चालते. लसीकरणाच्या कोविन संकेतस्थळाने २०२१ मध्ये एका क्रमांकावर चार जणांची नोंदणी मान्य केली होती, पुढे ती मर्यादा सहा झाली. ग्वाल्हेरकडचे शितोळे इंग्रजीत ‘एस’पुढे ‘एच’ लावतीलच असे नाही, त्यामुळे यंदाचा अहवाल मागच्या वर्षीच्या अहवालाशी जुळत नाही आणि साखर वाढते आहे की नाही ते कळत नाही. या व्यवसायात एका सुट्या आकड्यापेक्षा वर्षांची मालिका मोलाची असते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक यासाठीच आहे. नोंदींची भाषा एक करण्यासाठी स्नोमेड आणि लॉइंक ही प्रमाणके शिकावी लागतात. त्यांचे राष्ट्रीय मार्गदर्शन केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर खऱ्या माणसांचे अहवाल चाचणीसाठी लॅपटॉपवर उतरवून घेण्याची सवय मोडावी लागते.

पायथन, जावा, एसक्यूएल, गिट हे महाविद्यालयात येऊन जाते. मुलाखतीसाठी कोडी सोडवण्यात मात्र वर्ष जाते, आणि रक्ताची नळी, तिच्यावरचा बारकोड, तो वाचणारे यंत्र यांतले काहीच दिसत नाही. ग्वाल्हेरात ते पाहणे अवघड नसावे : १९४६ चे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय त्याच शहरात आहे. तिथल्या प्रयोगशाळेत एक दुपार घालवलेला विद्यार्थी रिकामा रकाना पाहून थांबतो.

कामाच्या वेळाही तपासणीच ठरवते. उपाशीपोटीच्या साखरेसाठी किमान आठ तास काही खायचे नसते, म्हणून नमुने गोळा करणारे लोक सकाळीच घरोघरी फिरतात. त्या वेळात बारकोडचे अॅप बंद पडले तर लोक चहा पिऊन मोकळे होतात आणि दिवस वाया जातो. जाणती टीम नवा कोड दुपारी चढवते.