झाकणाखालची ऑपरेटिंग सिस्टिम

१९८४-८५ साली ‘क्लास’ योजनेतून देशातल्या काही शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले, तेव्हा आपले गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे हे यंत्र १९८१ चे. बी मॉडेलची रॅम अवघी ३२ केबी! आम्हा पोरांना चपला बाहेर काढून ते लांबूनच पाहायला मिळाले. झाकणाला हात लावणे तर दूरच.

आज मोबाइल रात्रीतून आपोआप अपडेट होतो. त्या यंत्रात ऑपरेटिंग सिस्टिम चिपमध्येच असे. सुरुवातीच्या ०.१ आवृत्तीवर फ्लॉपी चालत नसे, कॅसेटवरच भागवावे लागे. १.२ आवृत्ती हवी तर जुन्या चार चिप्स सॉकेटमधून उपसायच्या, बोर्डावरचे जंपर बदलायचे आणि नवी एकच चिप बसवायची. खाच उलटी पडली किंवा पाय वाकला, तर सगळेच मुसळ केरात.

निवृत्तीनंतर मुलाने इंग्लंडहून असेच ०.१ वाले जुने यंत्र आणले. चाळीस वर्षांनी झाकण उघडले, तेव्हा हात थरथरत होते. (वयामुळे नव्हे!) शाळेत कुणी एकदा तरी ते उघडून दाखवायला हवे होते, असे आजही वाटते. चिप बसवली, बटण दाबले. आधी जाड, मग बारीक असा दुहेरी सूर निघाला आणि पडद्यावर अक्षरे उमटली.