यकृतातील साखर आणि शरीराचा समतोल

एकादशीचा कडकडीत उपवास करणारा मनुष्य संध्याकाळी देवळात जातो, चार गोष्टी बोलतो आणि दुकानाचा हिशेबही चुकत नाही. त्याच्या मेंदूला तर साखर क्षणोक्षणी लागते. मग ती येते कोठून? प्रौढ माणसाच्या अंगातील सुमारे ५ लिटर रक्तात उपाशीपोटी असणारी साखर अवघी ४-५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! उलट मेंदूचा रोजचा खर्च शंभर ग्रॅमच्या वर आहे. तेव्हा हा चमचा सारखा रिता होतो आणि कोणीतरी तो सारखा भरीत असते, हे उघड आहे. ते भरणारे कोण, याचा छडा क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने लावला.

बेर्नार यांचा जन्म १८१३ साली बोजोले भागातील द्राक्षमळ्यांच्या गावी झाला. लियाँजवळ एका औषधविक्याकडे उमेदवारी करताना त्यांना नाटके लिहिण्याचा छंद लागला आणि नाटककार होण्यासाठी त्यांनी पॅरिस गाठले. तेथे एका टीकाकाराने, आधी वैद्यक शिका, असा सल्ला दिला. टीकाकारांचे जगावर असे उपकार क्वचितच घडतात!

साखर बनवावी वनस्पतींनी आणि प्राण्यांनी ती केवळ खर्चावी, असे त्या काळच्या मोठमोठ्या रसायनज्ञांचे मत होते. १८४८ साली बेर्नार यांना मांसावर पोसलेल्या कुत्र्याच्या यकृतातून निघणाऱ्या रक्तात साखर सापडली. पोटात गोड गेलेले नव्हते. म्हणजे साखर यकृतानेच दिली होती. तरीही, यकृत पूर्वीच्या अन्नातली साखर फक्त साठवते, असा आक्षेप निघालाच.

त्याचे उत्तर एका अडचणीतून मिळाले. एकाच यकृतातील साखर ते नेहमी दोनदा मोजीत. एके दिवशी वेळ नव्हता म्हणून दुसरी मोजणी उद्यावर गेली. उद्या पाहतात तो साखर कितीतरी वाढलेली! दोन्ही आकड्यांची सरासरी काढून मोकळे होणे सोपे होते. बेर्नार यांनी तसे केले नाही. १८५५ साली त्यांनी ताज्या यकृताच्या शिरांतून पाणी सोडून साखरेचा अंशही उरू दिला नाही. ते यकृत तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा भरपूर साखर होती. ज्या द्रव्यापासून ती बनते ते ग्लायकोजेन त्यांनी १८५७ साली वेगळे काढले.

यातून त्यांनी मोठा सिद्धान्त मांडला. आपल्या पेशी बाहेरच्या हवेत राहत नाहीत, रक्तादी रसांत राहतात. हा आतला परिसर स्थिर असतो म्हणूनच प्राणी बाहेरच्या चढउतारांपासून मोकळा राहतो. अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी १९२६ साली या गुणाला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले. ही स्थिरता दगडाची नव्हे, दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याची आहे. तोल राहतो, कारण तो सतत सावरला जातो.

हा सावरण्याचा धागा तुटला की काय होते, हे १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे दिसले. मिन्कोव्स्की व फोन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढताच त्याला मधुमेह जडला. ज्या ग्रंथीच्या पाचकरसाचा बेर्नार यांनी कसून अभ्यास केला होता, तिचे हे दुसरे कार्य त्यांच्या हयातीत उलगडले नव्हते. ते १८७८ सालीच वारले. पुढे १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलास इन्शुलिन टोचले गेले. पहिल्या टोचणीचा म्हणावा तसा गुण आला नाही. अर्क शुद्ध करून पुन्हा दिला तेव्हा रक्तातील साखर उतरली आणि मुलगा सावरला.

आज आपल्याला कळते की इन्शुलिन रक्तातील साखर उतरविते व ग्लुकागॉन यकृताकडून ती सोडविते. पण ज्याचा मधुमेह इन्शुलिनवर अवलंबून आहे, त्याला जेवण, श्रम आणि मात्रा यांचा मेळ रोज जागेपणी घालावा लागतो. निरोगी शरीर तेच काम आपण झोपलो असतानाही करीत असते. घरातील अशा माणसाच्या पथ्याचा जेव्हा आपल्याला कंटाळा येईल, तेव्हा तो एका चमचाभर साखरेची राखण हाताने करीत आहे, एवढे तरी आपण आठवावे.